ओका, १९९०: गोल्फच्या मैदानासाठीचा मनाई हुकूम सैन्यापर्यंत कसा पोचला?

नकाशावाचक (प्रश्न)

कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या ओका गावच्या प्रकरणाबद्दल मराठीत जे सापडतं ते दोन वाक्यांत संपतं. गोल्फचं मैदान वाढवायचं ठरलं, मोहॉक या आदिवासी लोकांनी शस्त्रं घेऊन रस्ता अडवला. मधला सगळा जमिनीचा भाग गळतो, आणि मला तोच हवा आहे.

१) ती जमीन कागदावर नेमकी कोणाची होती?
२) सरकारने दावा दोनदा फेटाळला असं वाचलं. कोणत्या कारणाने?
३) ११ जुलैच्या सकाळी पोलिसांचं काय चुकलं?
४) मॉन्ट्रियलच्या दुसऱ्या अंगाचा पूल त्यात कुठून आला?
५) सैन्य बोलावण्याचा अधिकार तिथे कोणाला असतो?
६) आज तिथे कायदेशीर स्थिती काय आहे?

ज्यांनी या विषयाचे कागद वाचले आहेत त्यांनी कृपया तपशिलात लिहावं. लांब उत्तर चालेल.

---

सातबारा_उतारा

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.

आपल्या ओळखीच्या शब्दांत सांगायचं तर हा मुळात देवस्थान इनामासारखा वाद आहे. १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजसत्तेने ‘लाक-दे-दू-मोन्तान्य’, म्हणजे दोन डोंगरांच्या सरोवराकाठची सेन्योरी मॉन्ट्रियलच्या सुल्पिशियन या कॅथलिक पाद्री संघाच्या सेमिनरीला दिली. सेन्योरी म्हणजे जहागिरीसारखी नेमणूक. पण ती सरसकट बक्षीस नव्हती. मॉन्ट्रियल बेटावरची ‘इंडियन’ मिशन स्वखर्चाने तिथे हलवायची, दगडी चर्च आणि किल्ला बांधायचा, आणि मिशन तिथून उठली तर जमीन राजाकडे परत, अशा अटी त्या सनदेत होत्या. १७२१ मध्ये मोहॉक, अल्गॉनक्विन आणि निपिसिंग कुटुंबं तिथे नेण्यात आली.

वादाचं मूळ या अटींमध्ये आहे. मोहॉकांचं म्हणणं असं की जमीन आमच्यासाठी दिली होती, सेमिनरी फक्त विश्वस्त. सेमिनरीचं म्हणणं, सनद आमच्या नावावर आहे आणि हे लोक आमच्या जमिनीवर राहतात. देवस्थान इनाम देवाचं की पुजाऱ्याचं, हा आपल्याकडचा वाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातली गाठ लगेच कळेल. आपल्याकडे निदान वर्ग ३ चं इनाम परवानगीशिवाय विकता येत नाही, हा कायदेशीर अडसर तरी आहे. तिथे तो उरला नाही.

ब्रिटिश अंमल आल्यावर १७८० च्या दशकात मोहॉकांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे पुरावा म्हणून वॉम्पम पट्टा ठेवला. शिंपल्याच्या मण्यांचा हा पट्टा म्हणजे त्यांच्याकडचा करारनामाच. त्यावर जमिनीची लांबी दाखवणारी पांढरी रेघ आणि दोन्ही टोकांना राखण करणारे दोन कुत्रे विणलेले होते. अधिकाऱ्यांनी तो पुरावा म्हणून धरला नाही. लिहिलेला कागद नाही म्हणून हक्क नाही, ही भूमिका तेव्हापासून कायम राहिली.

१८४० मध्ये वसाहतीच्या सरकारने वटहुकूम काढून सेमिनरीची मालकी पक्की केली. १८३७–३८ च्या बंडात सेमिनरी सरकारच्या बाजूने उभी होती, हे लक्षात घेतलं तर या वटहुकमाची वेळ समजते. माझ्या मते सगळ्या इतिहासातला सर्वांत निर्णायक कागद हाच. १७१७ च्या अटींवर काहीही वाद घातला तरी पुढचं प्रत्येक न्यायालय या वटहुकमाकडे बोट दाखवून मोकळं होऊ शकत होतं. १९१२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही काउन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, नेमकं तेच केलं आणि सेमिनरीचा हक्क पूर्ण मानला.

मधल्या काळात शस्त्रं निघाली नव्हती असं नाही. १८६९ मध्ये जोसेफ ओनासाकेनरात या प्रमुखाने सशस्त्र माणसं घेऊन सेमिनरी गाठली आणि पाद्र्यांना जागा सोडायला आठ दिवसांची मुदत दिली. १८७७ मध्ये तिथलं कॅथलिक चर्च जळालं. १८८१ मध्ये काही कुटुंबं ऑन्टारियोत गिब्सनला हलली. राहिले ते राहिले.

सेमिनरीने विसाव्या शतकात जमिनीचे तुकडे विकले. १९४५ मध्ये केंद्र सरकारने उरलेली काही जमीन विकत घेतली, पण ‘इंडियन ॲक्ट’खाली रिझर्व्ह, म्हणजे आदिवासींसाठीची राखीव जमीन, जाहीर केलं नाही. म्हणून कानेसाताकेचा, म्हणजे ओकाला लागून असलेल्या या मोहॉक वस्तीचा, नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: एक घर मोहॉक कुटुंबाचं, शेजारचं खासगी मालकाचं, त्यापुढचं पालिकेचं. सामाईक जमीन, म्हणजे आपल्या भाषेत गायरान म्हणावं अशी, तिचा एक भाग पालिकेच्या हाती गेला आणि १९५९ नंतर तिथे नऊ होलचं गोल्फचं मैदान झालं.

आता दावे. कॅनडात १९७० च्या दशकापासून जमिनीचे दावे दोन खान्यांत घेतले जात.

‘सर्वसमावेशक’ दावा: आम्ही अनादी काळापासून या भूमीवर आहोत आणि तिचा करार कधीच झाला नाही. १९७५ मध्ये हा फेटाळला. कारण काय, तर अनादी काळापासूनचा सलग ताबा नाही, आणि हक्क असलाच तर तो फ्रेंच व ब्रिटिश कृतींनी संपला.

‘विशिष्ट’ दावा: सरकारने एखादं कायदेशीर बंधन मोडलं. १९७७ मध्ये दाखल, १९८६ मध्ये फेटाळला. कारण, केंद्र सरकारवर असं बंधन नव्हतंच.

म्हणजे एका खिडकीवर सांगितलं, तुमचा हक्क पुरेसा जुना नाही. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, तुमच्या हक्काचा आमच्याशी संबंध नाही. शिवाय दोन्ही खिडक्यांवर निकाल देणारं केंद्र सरकारच, आणि प्रतिवादीही तेच. तिसरी खिडकी नव्हती. १९८९ मध्ये मैदान अठरा होलचं करायचं आणि बाजूला घरं बांधायची अशी योजना जाहीर झाली तेव्हा स्थिती ही होती.

---

पाइनची_सावली

वरच्यात एक भर. जिथे मैदान वाढणार होतं ते पाइनचं बन नैसर्गिक नाही, लावलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात झाडी तुटल्यावर टेकडीची वाळू घसरून गावावर यायला लागली, म्हणून सेमिनरी आणि गावातल्या लोकांनी मिळून ती झाडं लावली. शेजारीच मोहॉकांची दफनभूमी आहे. म्हणून पालिकेच्या नकाशावर जी ‘मोकळी जागा’ होती, ती मोहॉकांच्या लेखी पूर्वजांच्या कबरींना लागून असलेली, हातांनी उभी केलेली राई होती.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि नेहमी सुटते. हौदेनोसौनी, म्हणजे इरोक्वॉय संघाच्या परंपरेत जमिनीची राखण स्त्रियांकडे असते. कुळ आईकडून चालतं, प्रमुख निवडायचा आणि काढायचा अधिकार कुळमातांचा. म्हणून मार्च १९९० मध्ये बनातल्या कच्च्या वाटेवर अडथळा उभा राहिला तेव्हा पुढे बायका होत्या, आणि पुढे बोलणीही त्यांनीच केली. एलन गॅब्रिएल यांना प्रवक्ता म्हणून लोकांनी निवडलं होतं. हा हट्ट किंवा डावपेच नव्हता, त्यांच्या कायद्याप्रमाणे ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं.

आणि पहिला अडथळा हमरस्त्यावर नव्हता. बनातून जाणारी ती मातीची वाट होती. रूट ३४४ हा डांबरी रस्ता गोळीबारानंतर बंद झाला. बातम्यांत दोन्ही एकच करून टाकतात.

---

घाटमाथा

प्रश्न ३ आणि ४ घेतो.

क्रम असा. पालिकेने न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. पहिला एप्रिलअखेर, दुसरा ३० जूनला. ९ जुलैला क्यूबेकचे आदिवासी व्यवहार मंत्री जॉन सियाचिया यांनी महापौर जाँ वेलेत यांना लेखी विनंती केली की मैदानाचं काम थांबवा, बोलणी होऊ द्या. १० जुलैला महापौरांनी प्रांतिक पोलिसांना, म्हणजे स्युर्ते द्यु केबेकला, हुकूम बजावायला सांगितलं. ११ तारखेला पहाटे सव्वापाचच्या सुमारास पोलीस बनात हजर.

मनाई हुकूम हा दिवाणी कागद असतो. त्यात ‘अमुक वाजेपर्यंत उठवा’ असं काही बंधन नव्हतं. पोलिसांना थांबता आलं असतं, आणि त्यांच्याच प्रांताचा मंत्री थांबा म्हणत होता. माझ्या दृष्टीने पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक हीच: मालकीचा मूळ वाद न सुटलेला असताना हुकूम पाहून हल्ल्याची वेळ ठरवली.

त्यानंतरच्या चुका एकेक करून:

पोलिसांनी ‘तुमचा नेता कोण’ विचारलं. पुढे आलेल्या बायकांनी सांगितलं की आम्ही सगळे मिळून ठरवतो, आणि सूर्योदयाचा तंबाखूचा विधी होईपर्यंत थांबा. हे उत्तर पोलिसांच्या साच्यात बसलं नाही. एकमताने चालणाऱ्या सभेला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

अश्रुधूर आणि मोठ्या आवाजाचे स्फोटक गोळे टाकले. वारा उलटा फिरला आणि धूर पोलिसांवरच आला. झाडीत वाऱ्याची दिशा सतत बदलते. सरळ रस्त्यावर जमाव पांगवायची पद्धत बनात चालत नाही.

अडथळा हटवायला लोडर आणला होता. पावणेनऊच्या आसपास पोलीस आत घुसले, दोन्हीकडून काही सेकंद गोळीबार झाला आणि कॉर्पोरल मार्सेल लेमे हा ३१ वर्षांचा पोलीस मारला गेला. माघार इतकी घाईची होती की गाड्या आणि लोडर जागेवरच राहिले. मोहॉकांनी त्याच लोडरने पोलिसांच्या गाड्या चेपून रूट ३४४ वर आडव्या लावल्या. ज्या यंत्राने अडथळा काढायचा होता त्यानेच दुसरा, कितीतरी मोठा अडथळा उभा राहिला.

गोळी कोणाची यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. कोरोनर गी जिल्बेर यांच्या १९९५ च्या अहवालाने ती मोहॉकांच्या बाजूने आली असा निष्कर्ष काढला, आणि पोलिसांच्या तयारीवरही कडक ताशेरे ओढले. दोन्ही वाक्यं एकत्रच वाचायला हवीत. लेमे यांचं घर उद्ध्वस्त झालं ते आधीच्या दिवशी टाळता आलं असतं.

आता पूल. काहनावाके हे दुसरं मोहॉक गाव, सेंट लॉरेन्सच्या दक्षिण काठावर. होनोरे मर्सिये पुलाची दक्षिणेकडची टोकं त्या गावाच्या जमिनीवर उतरतात. ओकात गोळी चालल्याची बातमी पोचताच त्याच सकाळी तिथल्या लोकांनी पूल आणि गावातून जाणारे रूट १३२, १३८ व २०७ बंद केले. हेतू साधा होता: पोलिसांनी ओकावर पुन्हा चाल करू नये. रोज साठ हजारांहून जास्त गाड्या जाणारा पूल बंद झाल्यावर प्रांताला दुसऱ्या हल्ल्याचा विचारच करता येईना.

काहनावाकेला जुनी जखमही होती. १९५० च्या दशकात सेंट लॉरेन्स जलमार्गासाठी त्यांचा नदीकाठ संपादन करून घेतला होता. दोन गावं एका राष्ट्राची आहेत हे कोणीही सांगू शकलं असतं. तरी पोलिसांच्या योजनेत मर्सिये पुलाचा विचार नव्हता. ज्याच्या जमिनीवर तुमच्या शहराचा पूल टेकलेला आहे, त्याच्या भावकीवर पहाटे चाल करताना पुलाचं काय होईल हा प्रश्न पहिला यायला हवा.

पुलामुळे उपनगरांत संताप पसरला. शातोगेत रात्रीच्या रात्री दंगली, मोहॉकांचे पुतळे जाळणं. २८ ऑगस्टला काहनावाकेतून म्हातारी माणसं, बायका आणि मुलं घेऊन निघालेल्या गाड्यांवर लासालच्या बाजूला जमावाने दगडफेक केली. पोलीस तिथेच होते. हे पान ओकाच्या गोष्टीतून गाळलं जातं, गाळू नये.

---

नकाशावाचक

फार मोलाचं. एक उपप्रश्न: सैनिक आणि तोंडाला फडकं बांधलेला योद्धा नाकाला नाक लावून उभे असल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. तो योद्धा ‘लसान्या’ टोपणनावाचा मोहॉक होता का?

---

पाइनची_सावली

नाही, हा नेहमीचा घोळ. १ सप्टेंबरच्या त्या छायाचित्रात सैनिक पॅट्रिक क्लुतिये आहे आणि समोर ब्रॅड लारोक, सस्कॅचेवानहून आलेला अनिशिनाबे विद्यार्थी. छायाचित्रकार शेनी कोमुलाइनेन. ‘लसान्या’ म्हणजे रोनाल्ड क्रॉस, वेगळा माणूस. बाहेरच्या राष्ट्रांतून किती लोक पाठिंब्याला आले होते तेही या चेहऱ्यावरून दिसतं.

---

बर्फातली_वाट

प्रश्न ५. कॅनडाच्या राष्ट्रीय संरक्षण कायद्यात ‘नागरी सत्तेला साहाय्य’ असा भाग आहे. दंगा प्रांताच्या आवाक्याबाहेर गेला तर प्रांताचा ॲटर्नी जनरल लेखी मागणी करतो. ती थेट संरक्षण दलप्रमुखाकडे जाते. त्याला नकार देता येत नाही, पण किती आणि कोणतं सैन्य द्यायचं हे तो ठरवतो, आणि सैन्याची सूत्रं त्याच्याकडेच राहतात. पंतप्रधानांची परवानगी या साखळीत कायद्याने लागत नाही. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० मध्ये कार्यकारी दंडाधिकारी सैन्य बोलावत असे, तसाच काहीसा हा धागा, फक्त फार वरच्या पातळीवर.

क्यूबेकचे प्रमुख रोबेर बुरासा यांनी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हा मार्ग धरला. दलप्रमुख जनरल जॉन द शास्तलेन. मधे १२ ऑगस्टला बोलणीच्या पूर्वअटींवर सह्या झाल्या: अन्न-औषधं अडवायची नाहीत, सल्लागारांना येऊ-जाऊ द्यायचं, आंतरराष्ट्रीय निरीक्षक बसवायचे. २० ऑगस्टला रॉयल २२ व्या रेजिमेंटने पोलिसांची जागा घेतली. पोलिसांनी अडथळ्यांपासून दीड किलोमीटर अंतर ठेवलं होतं, सैन्याने ते पाच मीटरवर आणलं.

सैन्याची पद्धत पोलिसांपेक्षा वेगळी होती: काटेरी तारा, रोज थोडं पुढे सरकणं, काय करणार ते आधी जाहीर करणं, पहिली गोळी आपण झाडायची नाही. काहनावाकेत २९ ऑगस्टला बोलणी करून पुलावरचे अडथळे सैनिक आणि मोहॉक दोघांनी मिळून काढायला घेतले. ६ सप्टेंबरला पूल खुला झाला. आणि पूल खुला झाल्याबरोबर कानेसाताकेच्या हातातला दबावाचा एकमेव मुद्दा गेला. उरलेले लोक व्यसनमुक्ती केंद्राच्या इमारतीत कोंडले गेले. सप्टेंबरच्या मध्यात आतल्या पत्रकारांचे मोबाइल फोनही बंद पाडले. सैन्याची शिस्त वाखाणणारे हा भाग सोडतात, पण बाहेर बातमी जाऊ न देणं हाही दबावच होता.

२६ सप्टेंबरला, ७८ व्या दिवशी, त्यांनी शस्त्रं नष्ट केली, तंबाखू जाळली आणि चालत बाहेर पडले. हा त्यांच्या लेखी शरणागतीचा करार नव्हता, म्हणून कुठल्या कागदावर सही नाही. बाहेर येताना झटापट झाली. लहान बहिणीला कडेवर घेतलेल्या १४ वर्षांच्या वानीक हॉर्न-मिलरला छातीत संगिनीचा वार लागला. ती वाचली, आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या वॉटरपोलो संघाची सहकर्णधार झाली.

---

सातबारा_उतारा

प्रश्न ६.

मैदानाची वाढ कायमची रद्द झाली आणि वादातली जमीन केंद्र सरकारने विकत घेतली. पण विकत घेतली ती सरकारने, स्वतःच्या नावावर. हक्क मान्य करणं आणि जमीन विकत घेणं यांत फरक आहे. दुसऱ्यात १७१७ चा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

२००१ मध्ये कानेसाताकेसाठी वेगळा कायदा झाला. त्याने तिथल्या जमिनी घटनेच्या कलम ९१(२४) खाली मोहॉकांसाठी राखीव मानल्या, पण ‘इंडियन ॲक्ट’मधलं रिझर्व्ह नाही असंही त्याच दमात म्हटलं. या मधल्या दर्जामुळे कोणता नियम कोण बजावणार यावर अजून ओढाताण होते. २००८ मध्ये केंद्राने सेन्योरीचा विशिष्ट दावा, १९८६ मध्ये नाकारलेलाच, बोलणीसाठी स्वीकारला. तोडगा निघाला तर बहुतेक पैशांत निघतो. खासगी मालकांकडून जमीन काढून देणं या प्रक्रियेत बसत नाही. त्यामुळे बनालगतची झाडी तोडली जाते तेव्हा तोच वाद परत उभा राहतो, २०१७ मध्ये राहिलाच. २०१९ मध्ये एका विकासकाने सुमारे ६० हेक्टर बन परत करायची तयारी दाखवली, तेव्हा ओकाच्या महापौरांनी विरोध केला.

न्यायालयांत मात्र बरंच बदललं. १९९७ च्या डेल्गामुकव निकालाने मौखिक इतिहास पुरावा म्हणून धरावा असं सांगितलं, म्हणजे तो दोन कुत्र्यांचा वॉम्पम पट्टा आज कागद नाही म्हणून बाजूला सारता येणार नाही. २००४ च्या हायडा निकालाने, हक्क सिद्ध व्हायच्या आधीच सरकारवर सल्लामसलतीचं बंधन घातलं. पण ते बंधन सरकारवर आहे. गोल्फ क्लबवर किंवा बांधकाम कंपनीवर नाही, आणि पालिकेवर ते थेट लावणंही कठीण. मनाई हुकमाची वाटही तशीच उघडी राहिली: २०१९ च्या अखेरीस वेट्सुवेटेन लोकांविरुद्ध गॅस वाहिनी कंपनीला तो मिळाला, फेब्रुवारी २०२० मध्ये पोलीस आत गेले, आणि देशभर रेल्वेमार्ग अडले. ओकाचाच क्रम, पुलाच्या जागी रूळ.

आपल्याकडच्या वाचकांनी एक तुलना जरूर करावी. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५): हक्क तपासण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून आदिवासी किंवा पारंपरिक वननिवासी कोणालाही उठवता येत नाही. अंमलबजावणी किती कच्ची आहे ते गडचिरोलीपासून पालघरपर्यंत दावे भरणारे जाणतात, २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा बेदखलीचा आदेश निघून पंधरा दिवसांत स्थगित झाला तोही सगळ्यांनी पाहिला. पण कलम कागदावर आहे, आणि ग्रामसभेला ते तहसीलदारापुढे ठेवता येतं. १० जुलै १९९० ला कानेसाताकेच्या बायकांकडे महापौरांपुढे ठेवायला असं एक कलम असतं, तर ११ ची पहाट वेगळी गेली असती असं मला ठामपणे वाटतं.

---

नकाशावाचक

सगळ्यांचे आभार. २००१ च्या कायद्यात पालिकेचे आणि मोहॉकांचे जमीन-वापराचे नियम शेजारी शेजारी लागू होतात तेव्हा मेळ कसा घालायचा, यावर काही तरतूद आहे का?

---

सातबारा_उतारा

आहे. लगतच्या जमिनींचे वापराचे नियम जुळवून घेण्यासाठी कानेसाताके आणि ओका पालिकेने करार करावा अशी तरतूद त्यात आहे. बनाला लागून असलेल्या तुकड्यांचा उल्लेख शोधा, म्हणजे प्रत्यक्षात कुठे अडतं ते लगेच दिसेल.